त्रास काहीच नाही, मग रक्त कशाला?

महिन्याच्या ९ तारखेला कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर गरोदर बायकांची रांग दिसेल. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची ही ठरलेली तारीख आहे. वजन, रक्तदाब, पोटाची तपासणी झाली की प्रत्येकीचं रक्त घेतात. हिमोग्लोबिन आणि रक्तगट कशाला हे कुणी विचारत नाही. पण त्याच कागदावर एचआयव्ही आणि व्हीडीआरएल ही दोन नावंही असतात. एखादी जरा वाचणारी असली की विचारते, "अहो सिस्टर, मला तर काहीच होत नाही. मग ही तपासणी कशाला?" जी विचारत नाही तिच्याबरोबर आलेल्या सासूच्या मनात वेगळाच प्रश्न असतो, की आमच्या सुनेवर संशय घेता की काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींना नीट उत्तरं आहेत. पण ती रांगेत उभ्या उभ्या देता येत नाहीत. सिस्टरच्या मागे अजून तीस बायका उभ्या असतात, त्यामुळे "शासनाचा नियम आहे ताई" एवढ्यावर भागवलं जातं. या प्रकरणात ती उत्तरं सावकाश पाहू.

१. न दुखणारी जखम

लैंगिक संबंधातून पसरणारे आजार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुखणारे, दिसणारे आजार येतात. लघवीला जळजळ, पू, खाज, जांघेत गाठ. एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या 'गुप्तरोग तज्ज्ञां'च्या जाहिरातींतही हीच यादी असते. ज्याला त्रास होतो तो लाजत का होईना कुठेतरी औषध शोधतो. घोटाळा होतो तो ज्यांना काहीच त्रास होत नाही त्यांच्यात.

सिफिलिस घ्या. जुन्या माणसांच्या बोलण्यातली 'गरमी', पाठ्यपुस्तकातला उपदंश. याचा जंतू शरीरात शिरला की साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी एक व्रण उठतो. तो दुखत नाही. पुरुषाला निदान दिसतो तरी. स्त्रीच्या योनीत आत किंवा गर्भाशयाच्या तोंडाशी असला तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. तीन ते सहा आठवड्यांत हा व्रण काहीही न करता भरून येतो. या काळात कुणी कसलंही चूर्ण घेतलं असेल तर त्याला वाटतं, गुण आला. कित्येक वैदूंची कीर्ती या आपोआप भरणाऱ्या व्रणावर उभी राहिली असणार! नंतर काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं. तेही जातं. मग आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो. माणूस धडधाकट दिसतो, शेतावर जातो, लग्न करतो. याच गप्प काळात स्त्री गरोदर राहिली तर जंतू वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. आजार अंगात शिरून फार दिवस झाले नसतील आणि उपचारही झाले नसतील, तर निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काही ना काही वाईट घडतं. बाळ पोटातच दगावतं, जन्मल्यावर काही दिवसांत जातं, दिवस भरायच्या आत जन्मतं किंवा आजार घेऊनच येतं.

क्लॅमिडिया हा आजार तर आणखी मुका. बहुतेक स्त्रियांना त्याची काही लक्षणं जाणवतच नाहीत. मात्र काहींच्या गर्भनलिकांना तो आतून व्रण पाडतो, आणि मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्यावर ते उघडकीला येतं.

गप्प आजार किती असू शकतात याचा एक धडा महाराष्ट्रानेच जगाला दिला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. या स्त्रियांपैकी ५५ टक्के काही ना काही तक्रार सांगत होत्या, ४५ टक्के म्हणत होत्या की आम्हाला काही नाही. तपासल्यावर ९२ टक्क्यांमध्ये स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार सापडले. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. यापूर्वी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. यातले सगळेच आजार संबंधांतून आलेले नव्हते हे लक्षात ठेवायला हवं. तरी "काही नाही" हे उत्तर किती विश्वासाचं, हे या आकड्यांनी कायमचं दाखवून दिलं.

२. पुडके आणि चाळणी

या आजारांशी दोन हात करायच्या दोन पद्धती आहेत.

पहिलीत रुग्ण तक्रार घेऊन येतो आणि लक्षणांवरून औषध दिलं जातं. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये यासाठी रंगीत पुडकी असतात. लघवीच्या मार्गातून पू येत असेल तर करडं पुडकं, अंगावरून पांढरं जात असेल तर बहुधा हिरवं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. अशी एकंदर सात. करड्या पुडक्यात गोनोरिया आणि क्लॅमिडिया या दोन्हींवरची औषधं एकत्र असतात, कारण प्रयोगशाळा नसलेल्या गावात यातलं नेमकं कोणतं हे ठरवत बसायला वेळ नसतो. व्यवहारी आणि स्वस्त पद्धत आहे. पण ती येणाऱ्यावर अवलंबून. जो आलाच नाही त्याच्यासाठी पुडकं नाही.

दुसरी पद्धत म्हणजे चाळणी तपासणी. यात बाई तक्रार घेऊन येण्याची वाट पाहत नाहीत. एखादा गट ठरवतात, उदाहरणार्थ सगळ्या गरोदर स्त्रिया, आणि त्या सगळ्यांना तपासतात. इथेच सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. संशय निवडक असतो. ही तपासणी कलेक्टरच्या पत्नीचीही होते आणि ऊसतोडणी मजुराच्या बायकोचीही. निवड करायची म्हटली तर सिस्टरला प्रत्येकीला तिच्या आणि नवऱ्याच्या संबंधांबद्दल विचारावं लागेल, आणि कुणीच खरं सांगणार नाही. सरसकट तपासणीत ती चौकशीच टळते. शिवाय ज्या आजारी स्त्रिया सापडतात त्यांतल्या कितीतरी जणींचा आयुष्यात एकच जोडीदार असतो, तो म्हणजे नवरा.

प्रत्येक आजारासाठी चाळणी लावावी का? नाही. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी याच्या कसोट्या लिहून काढल्या. त्या आजही वापरल्या जातात. आजार महत्त्वाचा हवा, त्याचा गप्प काळ असायला हवा, तपासणी लोकांना सहन होईल अशी हवी, सापडलेल्यांसाठी मान्य झालेला उपचार हवा आणि तो देण्याची सोय हवी. गरोदरपणातला सिफिलिस या सगळ्या कसोट्यांना उतरतो. तपासणी स्वस्त, औषध जुनं आणि नेमकं, आणि वाचतं ते बाळ. जो आजार सापडूनही काही करता येत नाही, त्याची सरसकट तपासणी म्हणजे लोकांच्या डोक्याला घोर लावणं.

३. व्हीडीआरएलचा कागद

आता तो कागद हातात घेऊ. त्यावर लिहिलेलं असतं 'नॉन-रिअॅक्टिव्ह', आणि विषय संपतो. कधी 'रिअॅक्टिव्ह १:२' किंवा 'रिअॅक्टिव्ह १:३२' असं असतं. घरात रडारड सुरू होते ती इथे. म्हणून ही तपासणी नेमकं काय पाहते ते कळायला हवं.

सिफिलिसचा जंतू १९०५ साली सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. पुढच्याच वर्षी वासरमन या जर्मन शास्त्रज्ञाने रक्ततपासणी काढली. व्हीडीआरएल ही तिची नंतरची सुटसुटीत बहीण, अमेरिकेतल्या गुप्तरोग संशोधन प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली. गंमत अशी की ही तपासणी जंतूला पाहतच नाही. जंतूमुळे शरीरातल्या पेशींची नासधूस होते, तेव्हा कार्डिओलिपिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ उघडा पडतो आणि शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. प्रतिपिंडं म्हणजे रक्तात तयार होणारी, परक्या पदार्थाला चिकटणारी प्रथिनं. तपासणीत हाच पदार्थ वापरतात. तो बैलाच्या हृदयापासून काढलेला असतो. रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, आधी अर्धा तास ५६ अंशांवर तापवतात. काचपट्टीवर त्याचा थेंब, त्यात या पदार्थाचा थेंब. यंत्रावर चार मिनिटं फिरवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की प्रतिपिंडं असतील तर बारीक गुठळ्या दिसतात. मग सीरम पाणी घालावं तसं निम्मं निम्मं पातळ करत जातात. दुप्पट पातळ केल्यावरही गुठळ्या दिसल्या आणि पुढे दिसल्या नाहीत तर १:२. बत्तीसपट पातळ केल्यावरही दिसल्या तर १:३२. आकडा मोठा, तेवढी प्रतिपिंडं जास्त.

पण पेशींची नासधूस फक्त सिफिलिसमध्येच होते असं कुठे आहे? हिवताप, कुष्ठरोग, क्षय, ल्युपससारखे सांध्यांचे-त्वचेचे आजार, कधी कधी नुसतं गरोदरपण, एवढ्यानेही व्हीडीआरएल 'रिअॅक्टिव्ह' येऊ शकते. अशा वेळी आकडा बहुधा लहान असतो. म्हणून दुसरी तपासणी करतात, टीपीएचए नावाची. ती थेट या जंतूविरुद्धचीच प्रतिपिंडं शोधते. तिचा दोष उलटा आहे. एकदा सिफिलिस होऊन पूर्ण बरा झाला तरी बहुतेकांमध्ये ती जन्मभर 'रिअॅक्टिव्ह'च राहते. आता गावपातळीवर बोट टोचून वीस मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्या आल्या आहेत. एचआयव्ही आणि सिफिलिस एकाच पट्टीवर पाहणाऱ्याही आहेत. सिफिलिसची बहुतेक पट्टी टीपीएचएच्या जातीची असते. म्हणजे मागच्या बाळंतपणात उपचार घेतलेल्या बाईला या खेपेलाही रेघ दिसणार. तिने मागचे कागद जपून ठेवले असतील तर व्हीडीआरएलचा आकडा उतरला की चढला हे पाहून डॉक्टर सांगू शकतात की आजार जुनाच आहे की नव्याने झालाय. ते जुने कागद फेकू नयेत, आधारकार्डाशेजारी ठेवावेत.

एचआयव्हीच्या बाबतीत आपल्याकडचा नियम अधिक कडक आहे. पहिल्या पट्टीवर रेघ आली म्हणून कुणालाही 'पॉझिटिव्ह' म्हणत नाहीत. आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्या जुळल्या तरच तसा अहवाल मिळतो.

४. दोन रांगांचं गणित

एवढ्या पडताळण्या कशासाठी? हे एका सोप्या उदाहरणाने कळेल. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत.

समजा, एक तपासणी १०० आजाऱ्यांपैकी ९० जणांना बरोबर पकडते आणि १०० निरोगी माणसांपैकी एकाला चुकून आजारी म्हणते. तपासणी चांगलीच म्हणायची.

पहिल्या रांगेत १०,००० गरोदर स्त्रिया आहेत. त्यांच्यात आजार दोनशेत एकीला, म्हणजे ५० जणींना. तपासणी त्यातल्या ४५ पकडेल. उरलेल्या ९,९५० निरोगी स्त्रियांपैकी शंभरात एक, म्हणजे साधारण १०० जणींना ती चुकून आजारी ठरवेल. एकूण रिअॅक्टिव्ह कागद १४५, खरे ४५. म्हणजे कागद हातात पडलेल्या तिघींपैकी दोघी निरोगी!

दुसऱ्या रांगेत १०,००० अशी माणसं आहेत की ज्यांच्यात आजार दहात एकाला आहे. आजारी १,०००, पकडलेले ९००. निरोगी ९,०००, चुकून ठरवलेले ९०. एकूण कागद ९९०, खरे ९००. तपासणी तीच, पण इथे कागद जवळजवळ नेहमी खरा.

म्हणजे 'रिअॅक्टिव्ह' या शब्दाचं वजन ज्या रांगेत तुम्ही उभे आहात त्यावर ठरतं. आजी सुपात तांदूळ पाखडते तेव्हा खड्यांबरोबर थोडे दाणेही कडेला येतात. ती ते फेकत नाही, चष्मा लावून पुन्हा निवडते. तांदूळ स्वच्छ असेल तर कडेला आलेल्यात दाणेच जास्त असतात. चाळणी तपासणीचं पहिलं पाखडणं हे इतकंच असतं, आणि दुसऱ्या निवडण्याआधी सासरी फोन करायची गरज नसते.

उलट बाजूही आहे. पहिल्या रांगेतल्या ५ आजारी स्त्रिया निसटल्या. संसर्ग अगदी ताजा असेल तर प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे जातात, त्या काळात तपासणी काही दाखवत नाही. म्हणून धोका जास्त असेल तिथे शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा तपासतात. याच कारणासाठी, फुकटात एचआयव्ही तपासून मिळेल म्हणून रक्तदान करणं हा वाईट विचार आहे. रक्तपेढी रक्त तपासते, तरी ताज्या संसर्गाच्या काळातलं रक्त सुटून जायची शक्यता उरते, आणि ते कुणाच्या तरी अंगात जातं.

५. सक्ती करून पाहिलेले

हे गणित न समजता कायदा केला की काय होतं?

अमेरिकेत १९३५ साली कनेक्टिकट राज्याने लग्नाआधी सिफिलिसची तपासणी सक्तीची केली आणि पुढे बहुतेक राज्यं त्याच वाटेने गेली. काही दशकांनी हिशेब मांडला तेव्हा खर्चाच्या मानाने हाती फार थोडं लागत होतं, म्हणून एकेक राज्याने ते कायदे मोडीत काढले. १९३८ साली न्यूयॉर्क राज्याने गरोदर स्त्रियांच्या तपासणीचा कायदा केला. गरोदरपणातली तपासणी मात्र टिकली. कारण उघड आहे. तिथे वाचवायला एक बाळ होतं आणि वेळ हाताशी होता.

धडा पुरा झाला नव्हता. १९८८ च्या जानेवारीपासून इलिनॉय राज्याने लग्नाच्या परवान्यासाठी एचआयव्ही तपासणी बंधनकारक केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ जण तपासले गेले. बाधित सापडले ८. खर्च झाला अंदाजे २५ लाख डॉलर, म्हणजे एका बाधित व्यक्तीमागे तीन लाखांहून जास्त. त्या काळात राज्यातले लग्नाचे परवाने साडेबावीस टक्क्यांनी घटले. लोकांनी लग्नं थांबवली नव्हती, ते शेजारच्या राज्यात जाऊन लग्न करत होते. दोन वर्षांच्या आत कायदा मागे घेतला गेला.

महाराष्ट्रात आणि गोव्यातही लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करण्याची टूम अधूनमधून निघते. ऐकायला गोड वाटतं, विशेषतः मुलीच्या बापाला. पण लग्नाच्या दिवशीचा कागद लग्नानंतरच्या वर्षांबद्दल काही सांगत नाही, आणि पहिल्या रांगेतल्या चुकीच्या कागदांनी किती लग्नं मोडतील याचा विचार टूम काढणारे करत नाहीत. दोघांनी आपखुशीने तपासून घेतलं तर त्यासारखं उत्तम काही नाही.

सक्ती नसली तरी चाळणी फसू शकते. नेदरलँड्समध्ये २००८ ते २०११ या काळात अॅमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि दक्षिण लिंबुर्ख या भागांत तरुणांना दर वर्षी क्लॅमिडियाच्या तपासणीचं आमंत्रण धाडलं. पहिल्या फेरीत सुमारे १६ टक्क्यांनी प्रतिसाद दिला, तिसऱ्या फेरीत दहा टक्क्यांच्याही खाली. आजार काही हटला नाही, कार्यक्रम गुंडाळला. इंग्लंडने २००३ पासून पंचवीस वर्षांखालच्या मुलामुलींसाठी असाच कार्यक्रम चालवला आणि २०२१ मध्ये त्याचा रोख बदलून तरुण स्त्रियांवर ठेवला, कारण गर्भनलिकांचं नुकसान त्यांचं होतं.

६. सुई त्याच दिवशी

आतापर्यंत तपासणीचं बोललो. मला विचाराल तर कार्यक्रमाची खरी परीक्षा कागद आल्यानंतर सुरू होते.

सिफिलिसवरचं औषध आहे बेंझाथिन पेनिसिलिन. लवकरच्या आजारात २४ लाख युनिटांची एकच मात्रा. आजार जुना किंवा किती जुना ते माहीत नसलेला असेल तर दर आठवड्याला एक, अशा तीन. औषध दाट, दुधासारखं. जाड सुईने कमरेत दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं देतात आणि ते दुखतं, हे आधीच सांगितलेलं बरं. गरोदर स्त्रीसाठी याला खात्रीचा पर्याय नाही. इतर काही प्रतिजैविकं आईला बरं करतील, पण बाळापर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत. आणि बाळंतपणाच्या किमान तीस दिवस आधी उपचार सुरू झाला तरच बाळाला पुरेसं संरक्षण मिळालं असं मानतात. म्हणजे आठव्या-नवव्या महिन्यात नाव नोंदवणारीसाठी प्रत्येक दिवस मोलाचा.

आता कल्पना करा. पाड्यावरून चालत आलेल्या बाईचं रक्त सोमवारी घेतलं, तालुक्याला पाठवलं, गुरुवारी कागद आला, "पुढच्या सोमवारी या" असा निरोप आशाताईंकडे गेला. तोवर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात निघून गेलेली. तपासणी शंभर टक्के झाली, उपचार शून्य. वीस मिनिटांच्या पट्टीचं महत्त्व इथे आहे. तिची अचूकता प्रयोगशाळेपेक्षा थोडी कमी असेल, पण बाई बाकावर बसलेली असतानाच सुई देता येते. अर्थात आरोग्य केंद्राच्या कपाटात पेनिसिलिन असलं तर. हे स्वस्त औषध बनवण्यात कंपन्यांना फारसा नफा नाही आणि जगात अनेक देशांनी त्याचा तुटवडा सोसला आहे. शिवाय पेनिसिलिनची रिअॅक्शन येईल या भीतीने खालच्या केंद्रांत ते टोचायला कचरतात आणि बाईला वर धाडतात. वर म्हणजे चाळीस किलोमीटरवर.

क्यूबाने २०१५ मध्ये, थायलंडने २०१६ मध्ये आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस जवळजवळ संपवल्याची पावती जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळवली. त्यासाठीची अट सांगतो: किमान ९५ टक्के गरोदर स्त्रिया दवाखान्यात आल्या पाहिजेत, त्यातल्या ९५ टक्के तपासल्या गेल्या पाहिजेत आणि सापडलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना उपचार मिळाले पाहिजेत. तिन्ही कड्या एकत्र लागतात. एचआयव्हीतही तसंच आहे. काही उपचार नसेल तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. औषधं नीट मिळाली तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते.

तपासणी आणि उपचार यांची फारकत किती भयानक होऊ शकते याचं उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं टस्कीगी. १९३२ पासून तिथल्या ३९९ सिफिलिसग्रस्त काळ्या पुरुषांचं सरकारी आरोग्य खात्याने नुसतं निरीक्षण केलं. पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं नाही. हा प्रकार १९७२ पर्यंत, चाळीस वर्षं चालला. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी जाहीर माफी मागितली.

७. नवऱ्याला कोण सांगणार

बाईला सुई दिली आणि नवरा तसाच राहिला, तर महिन्याभरात ती पुन्हा तिथेच. म्हणून जोडीदाराचा उपचार हा उपचाराचाच भाग धरतात. कागदावर हे एक वाक्य आहे. घरात ते एक वादळ असतं.

गरोदरपणात तपासणी बाईची होते, त्यामुळे आजार आधी तिच्याच नावावर चढतो. आणला कुणी हे कुणी विचारत नाही. कसबी समुपदेशक म्हणूनच नवऱ्याला पहिल्या भेटीलाच बोलावून घेतात आणि दोघांची तपासणी एकदम करतात. मग आधी कोण हा वाद उरत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. त्याप्रमाणे मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. जोडीदाराला सांगण्याची वेळ आली तर ते काम फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाचं. सांगितल्याने स्त्रीला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल तर त्यांनी सांगू नये, अशी तरतूदही त्यात आहे. कायदा करणाऱ्यांनी आपली घरं पाहिली होती म्हणायची.

गुप्तता ही चैनीची गोष्ट नाही, हे सांगलीतल्या बायकांनी फार आधी दाखवलं. १९९२ मध्ये तिथे 'संग्राम' संस्थेचं काम सुरू झालं आणि पुढे वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनीच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. निरोध वाटणं, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेणं ही कामं त्या स्वतः करू लागल्या. पोलीस घेऊन आलेल्या तपासणी पथकाला पाहून जी बाई मागच्या दाराने पळते, तीच ओळखीच्या मैत्रिणीबरोबर स्वतःहून रांगेत येते.

८. व्हिनेगरचा बोळा

एक आजार राहिला, जो लोक या यादीत धरतच नाहीत. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि तो लैंगिक संबंधातून येतो. संसर्ग अतिशय सर्रास आहे, बहुतेकींचा आपोआप जातो. ज्यांचा टिकतो त्यांच्यात दहा-पंधरा वर्षांनी कर्करोग उभा राहू शकतो. एवढा लांब गप्प काळ म्हणजे चाळणीसाठी सोन्यासारखी संधी.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक अभ्यास केला. थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखावर पातळ अॅसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातलं व्हिनेगरच, बोळ्याने लावायच्या. मिनिटभरात बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो. दर दोन वर्षांनी अशी तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिकडे बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवलं गेलं, त्यावर नंतर टीका झाली आणि माझ्या मते ती रास्त होती. पण मिळालेलं उत्तर आज जगभर वापरलं जातं. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी ते दिलं, त्या जिल्ह्यातल्या तिशी ओलांडलेल्या कितीजणींना आज ही तपासणी मिळते, हे तिथल्या वाचकांनी आपल्या आमदाराला विचारावं.

बाकीच्यांसाठी इतकंच. घरात कुणाला दिवस गेले असतील तर पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा, नवऱ्यालाही बरोबर न्या, आणि कागदावर व्हीडीआरएल आणि एचआयव्ही दोन्ही लिहिलंय का ते पाहा. नसेल तर मागून घ्या. सरकारी केंद्रात त्याचे पैसे पडत नाहीत. कुणाला तोंड न दाखवता विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो विनाशुल्क आहे, आणि तिथे नाव सांगावं लागत नाही.